थांबवता येणारे खेळ

प्रस्तावना

हातात धरून खेळायच्या संगणकावर लोक सर्वांत जास्त कोणते खेळ खेळतात, या एका प्रश्नाभोवती हे पुस्तक लिहिलं आहे. प्रश्न वरवर पाहता दुकानदारीचा वाटेल. पण उत्तर शोधायला बसलं की माणसाच्या दिवसाचे तुकडे कसे पडतात, प्रवासात किती वेळ जातो, घरातून हाक कधी येते, महिन्याच्या खर्चात करमणुकीला किती जागा उरते, असं सगळंच पुढ्यात येतं. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातल्या मराठी घरांत व्हिडिओ गेमचा विषय निघतो तो बहुधा भांडणाच्या सुरात. मुलगा एका बाजूला, आईवडील दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या खेळाविषयी नीट कोणीच बोलत नाही. ते बोलणं मराठीत आणि दोन्ही बाजूंना समजेल असं व्हावं, एवढ्यासाठी हे लेखन.

आधी यंत्राची ओळख. दोन हातांत धरायचं, मधोमध सात-आठ इंचांचा पडदा, दोन्ही बाजूंना बटणं आणि अंगठ्याने फिरवायच्या दोन जॉयस्टिक. बाहेरून खेळणं वाटलं तरी आत पुरता संगणक असतो. टेबलावरच्या संगणकावर चालणारे हजारो खेळ याच्यावर तसेच चालतात, आणि फोनहून हे वेगळं पडतं ते इथेच. असे प्रयोग आधीही झाले होते. जीपीडी या चिनी कंपनीने २०१६ मध्ये विन नावाचं छोटं यंत्र काढलं होतं. पण लाट आली ती अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकमुळे. २८ फेब्रुवारी २०२२ पासून तो ग्राहकांकडे रवाना होऊ लागला. मागोमाग एससने आरओजी अ‍ॅलाय, लेनोवोने लीजन गो आणि एमएसआयने क्लॉ आणला. ऑक्टोबर २०२५ मध्ये एससच्याच यंत्रावर मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचं नाव लागलं. स्टीम डेकची भारतात अधिकृत विक्री हे लिहीपर्यंत सुरू झालेली नाही. परदेशातल्या नातेवाइकाने आणून दिला किंवा आयात करणाऱ्या दुकानदाराकडून घेतला, तरच तो इथे येतो. अ‍ॅलाय मात्र जुलै २०२३ मध्ये भारतात रीतसर विकायला आला, तेव्हा किंमत होती ६९,९९० रुपये. एवढ्या पैशांत नवी दुचाकी दारात उभी राहते. त्यामुळे आपल्या भागात ही यंत्रं मोजक्याच हातांत आहेत. पुण्या-बेंगळुरूला नोकरीला लागलेला थोरला भाऊ, आखातातून सुट्टीवर आलेला मामा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पैसे साठवून घेणारा एखादा. पण घरात एक आलं की भावंडं, चुलत भावंडं, शेजारची पोरं असे सगळेच त्याच्याभोवती जमतात.

या भागातल्या खेळांचा मागचा प्रवास आठवला तर आताचा बदल नीट कळेल. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा गेम आला. पिवळ्या-काळ्या कॅसेटमध्ये मारिओ आणि कॉन्ट्रा, कॅसेट चालली नाही की फुंकर मारून परत घालायची. त्याच सुमारास सेलवर चालणारा विटांचा गेम जत्रेत, बाजारात मिळू लागला. त्यानंतरच्या दशकात कॉलेजांच्या आसपास सायबर कॅफे निघाले. तिथे तासाच्या दराने काउंटर-स्ट्राइक, व्हाइस सिटी, नीड फॉर स्पीड चालायचं. घड्याळ काउंटरवरच्या माणसाच्या हातात असायचं, तास भरला की उठावंच लागे. मग फोन आला आणि घड्याळ कोणाच्याच हातात राहिलं नाही. खेळ खिशात शिरला, फुकट झाला, आणि त्याला शेवट उरला नाही. हातातला संगणक या ओळीत पुढचा आहे, पण स्वभावाने तो फोनचा वारस नव्हे. हे त्याच्यावर काय खेळलं जातं ते पाहिल्यावर पटतं.

स्टीम डेकवर कोणते खेळ सर्वाधिक खेळले जातात याची यादी व्हॉल्व्ह आपल्या स्टीम या ऑनलाइन दुकानातच लावते. आठवड्याची, महिन्याची, वर्षाची अशी ती पाहता येते. क्रम हलतो, नवा खेळ आला की तो वर चढतो, पण काही नावं हटता हटत नाहीत. त्यांचे सरळ दोन गट पडतात. पहिला गट भव्य खेळांचा: एल्डन रिंग, बाल्डर्स गेट ३, सायबरपंक २०७७, हॉगवर्ट्स लेगसी, रेड डेड रिडेम्प्शन २, विचर ३, जीटीए ५. शेकडो माणसांनी वर्षानुवर्षं खपून केलेले, एकेक संपवायला पन्नास-शंभर तास मागणारे. दुसरा गट लहान खेळांचा: स्टारड्यू व्हॅली, व्हँपायर सर्व्हायव्हर्स, हेडीस, बॅलाट्रो, स्ले द स्पायर, डेव्ह द डायव्हर. एका-दोघांनी किंवा छोट्या चमूने केलेले, साध्या चित्रांचे, स्वस्त. इतकं ताकदवान यंत्र घेऊन लोक त्याच्यावर ठिपक्या-ठिपक्यांच्या चित्रांची शेती करतात, पत्ते लावतात, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. पण त्यामागे पक्की कारणं आहेत.

पहिलं कारण बॅटरी. पहिल्या स्टीम डेकमध्ये ४० वॉट-तासांची बॅटरी होती. सायबरपंकसारखा खेळ लावला की यंत्र सगळं मिळून वीस-पंचवीस वॉट ओढतं. भागाकार केला की दोन तासांच्या आतच चार्जर शोधावा लागतो. तेच यंत्र स्टारड्यू व्हॅली लावल्यावर सात-आठ वॉटवर भागवतं आणि पाच तासांच्या घरात चालतं. २०२३ च्या नोव्हेंबरात आलेल्या ओलेड पडद्याच्या डेकमध्ये बॅटरी ५० वॉट-तासांची झाली, २०२४ च्या अ‍ॅलाय एक्समध्ये ८० ची. तरी हिशोब तोच: चित्र जितकं भारी, वेळ तितका कमी. म्हणून जाणते खेळाडू भारी खेळाचा वेग सेकंदाला ३० किंवा ४० चित्रांवर बांधून ठेवतात आणि प्रोसेसरला किती वीज द्यायची याची मर्यादा घालतात. दुसरं कारण पडद्याचं. टेबलावरच्या मोठ्या पडद्यासाठी लिहिलेली बारीक अक्षरं सात इंचांवर वाचवत नाहीत, त्यामुळे आकडे आणि तक्ते भरलेले डावपेचांचे खेळ इथे मागे पडतात. तिसरं कारण हातांचं. माउस लागतो असा खेळ जॉयस्टिकवर अडखळतो. व्हँपायर सर्व्हायव्हर्सला एकच जॉयस्टिक पुरते. माणूस फक्त चालवायचा, हत्यारं आपोआप सुटतात, आणि एक डाव जास्तीत जास्त तीस मिनिटांत निकाली लागतो.

पण या सगळ्यांहून मोठं कारण एका बटणात आहे. स्टीम डेकचं वरचं बटण दाबलं की खेळ आहे त्या क्षणी गोठतो आणि यंत्र झोपी जातं. तासाने, दिवसाने पुन्हा दाबलं की काही सेकंदांत त्याच पावलावर खेळ पुढे सुरू. खेळ बंद करायचा, प्रगती जतन करायची, परत उघडून मेनूतून वाट काढायची, यातलं काही नाही. एल्डन रिंग या खेळात थांबण्याची सोयच ठेवलेली नाही. समोर राक्षस असताना क्षणभर उसंत मागितली तरी तो देत नाही. पण हा खेळही नेटशिवाय खेळत असाल तर या बटणाने थांबतो. पन्नास तासांचा खेळ मग दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत खेळता येतो, आणि नोकरी, लेकरं, म्हातारे आईवडील सांभाळणाऱ्या माणसाच्या वाट्याला मोकळा वेळ येतो तो तुकड्यांतच. म्हणूनच भव्य खेळही या यादीत टिकले. मला या यादीतून जे सांगायचं आहे ते एवढंच आहे: हातातल्या संगणकावर लोकांनी निवडून घेतले ते थांबवता येणारे खेळ.

यातला एक खेळ जरा जवळून पाहू. स्टारड्यू व्हॅली एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने एकट्याने साडेचार वर्षं खपून केला आणि २६ फेब्रुवारी २०१६ ला बाजारात आणला. आजोबांनी मागे ठेवलेली शेती नातवाच्या वाट्याला येते, इथून गोष्ट सुरू होते. जमीन दगडांनी, झुडपांनी, ओंडक्यांनी भरलेली. पहिल्या सकाळी घरात एक पुडकं सापडतं, त्यात पार्सनिप नावाच्या कंदाच्या पंधरा बिया. कुदळीने माती उकरायची, बी टाकायचं, झारीने पाणी घालायचं. प्रत्येक कामाला अंगातली ताकद खर्च होते आणि ती कोपऱ्यातल्या पट्टीवर उतरताना दिसते. दिवस सकाळी सहाला उजाडतो. रात्री दोनपर्यंत घर गाठलं नाही तर माणूस जागीच कोसळतो. असा एक दिवस आपल्या घड्याळाने सुमारे १४ मिनिटांचा. अंथरुणावर पडलं की दिवस जतन होतो. पाऊस पडला तर पाणी घालायची मेहनत वाचते, बुजगावणं नसेल तर कावळे पीक खातात, अठ्ठावीस दिवसांचा ऋतू संपला की शेतात राहिलेलं त्या ऋतूचं पीक एका रात्रीत वाळतं. बियाण्याचं दुकान बुधवारी बंद.

निपाणीच्या माणसाने हा खेळ हाती घेतला की त्याला यात एक गोष्ट लगेच खटकते, आणि खटकावीच. पार्सनिपचं बी वीस नाण्यांना मिळतं, चार दिवसांत पीक येतं, साधा कंद पस्तीस नाण्यांना जातो. आज पस्तीस, पुढच्या वर्षी पस्तीस, शंभर टोपल्या नेल्या तरी पस्तीस. दलाल नाही, वजनात घट नाही, भाव पडणं नाही. १९८१ साली याच निपाणीचे तंबाखू उत्पादक शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी पुणे-बेंगळुरू महामार्गावर ठाण मांडून बसले होते आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले होते. त्या घरांतल्या नातवंडांना हा खेळ का आवडावा, याचं उत्तर मला त्या पस्तीस नाण्यांत दिसतं. जगभर लाखो माणसं दिवसाचं काम उरकल्यावर पुन्हा शेतीच करायला बसतात, ती केलेल्या मेहनतीचं ठरलेलं मोल नक्की मिळणार या खात्रीसाठी. हे स्वप्न आहे हे कळूनच ते पाहायचं. मुलाबरोबर बसून पाहिलं तर आजोबांना सांगायला पुष्कळ काही असतं, आणि नातवालाही ते ऐकावंसं वाटतं.

आता या यादीत काय नाही ते पाहू. आपल्या भागात ज्या नावाने सर्वाधिक घरं गाजवली ते पबजी इथे नाही. त्याचा भारतीय अवतार बीजीएमआय फक्त फोनवर चालतो. व्हॅलोरंट स्टीम डेकवर चालत नाही, कारण लबाडी पकडणारा त्याचा पहारेकरी प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात बसतो आणि डेक चालतो लिनक्सवर. विंडोजच्या अ‍ॅलायवर तो खेळता येतो, पण सात इंचांवर माउसशिवाय नेम धरणं अवघडच. म्हणजे ज्यांत समोर जिवंत माणसं असतात, मॅच सुरू झाली की संपेपर्यंत उठता येत नाही, ते खेळ या यंत्राकडे फार वळले नाहीत. आपल्या घरांतली भांडणं नेमकी तिथेच होती. "जेवायला ये की." "थांब की, मॅच संपूदे." ताट वाढलेलं, मॅच अर्ध्या तासाची, उठला तर बाकीचे तिघे गडी तोंडघशी. पोरगा खोटं बोलत नव्हता, त्याला खरोखरच थांबता येत नव्हतं. २०१९ मध्ये बेळगावजवळच्या एका हत्येच्या बातमीत पबजीचं नाव आलं आणि ते देशभर गाजलं. तेव्हापासून या भागात गेम हा शब्द काढला तरी आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, २०२२ मध्ये तोही हटवला गेला, २०२३ मध्ये परतला. बंदी आली-गेली, पण प्रश्न खेळाच्या घडणीचा होता, आणि त्याकडे घरात कोणाचं लक्ष गेलं नाही.

दुसरा प्रश्न पैशांचा. कर्नाटकाने पोलिस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ती ऑक्टोबर २०२१ मध्ये लागू झाली. १४ फेब्रुवारी २०२२ ला उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. मधले चार महिने राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे जे गुन्हा होतं ते पलीकडे नव्हतं. निपाणीची मुलं ज्या देवचंद कॉलेजात जातात ते अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीत. घर एका कायद्याखाली, वर्ग दुसऱ्या. सीमाभागाला अशा गोष्टींची सवय आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर देशभर बंदी आली, ई-स्पोर्ट्सना मात्र स्वतंत्र मान्यता मिळाली. हे इथे सांगायचं कारण, आमच्या यादीतल्या बॅलाट्रोत पत्ते आहेत, पोकरचे हात आहेत, गुण लाखांत आणि कोटींत मोजले जातात. दाराआडून पाहणाऱ्याला तो जुगारच वाटेल. खेळांवर वयाची पाटी लावणाऱ्या युरोपातल्या पेगी या संस्थेलाही तसंच वाटलं होतं. तिने आधी १८ वर्षांची पाटी लावली आणि तक्रारीनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये ती १२ वर आणली. बॅलाट्रो एकदा विकत घेतला की पुढे एक पैसाही मागत नाही, जिंकलेलं काही बाहेर काढता येत नाही. चित्रात काय दिसतं यावरून खेळ ओळखू नये, तो पैसे कधी आणि कितीदा मागतो यावरून ओळखावा. पात्रांचे कपडे, नाणी, नशिबाच्या पेट्या विकणारे फोनवरचे फुकट खेळ या कसोटीवर फार महाग पडतात.

भारतीय खेळाडूच्या हातात हे यंत्र आलं की आणखी एक गोष्ट घडते: जुने खेळ परत येतात. ईएचा क्रिकेट ०७ हा खेळ २००६ च्या अखेरीस आला आणि त्या कंपनीने पुढे क्रिकेटचा खेळ काढलाच नाही. तरी आपल्याकडचे हौशी लोक त्याच्यात आजचे संघ, आजचे गणवेश, नवी मैदानं भरत राहिले, आणि तो अजून खेळला जातो. सॅन अँड्रियास, मोस्ट वाँटेड, एज ऑफ एम्पायर्स हे त्याच पंगतीतले. सायबर कॅफेच्या काळात यांच्या सीडी बहुतेक नकली असायच्या, हे त्या पिढीतल्या कोणालाही विचारा. आता चित्र पालटलं आहे. स्टीमवर नोव्हेंबर २०१५ पासून रुपयांत किमती लागल्या, यूपीआयने पैसे भरता येतात, उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये जुने खेळ चहा-नाश्त्याच्या खर्चात मिळतात. ज्यांनी कधी काळी चोरून खेळले, तेच लोक कमावते झाल्यावर खेळ पैसे मोजून घेतात. मला यात एका पिढीचा प्रामाणिकपणा दिसतो आणि त्याचं कौतुक वाटतं.

आणि प्रवास. आपला पट्टा पुणे-बेंगळुरू महामार्गावर मधोमध बसलेला. निपाणीहून कोल्हापूर तासाभरावर, बेळगावहून पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, बेंगळुरू पाचशे. शिकायला, कामाला, उपचारांना, देवाला, माणूस सतत गाडीत. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस संध्याकाळी बेळगाव सोडते, खानापूर मागे पडलं की लोंढ्यापर्यंत जंगल लागतं आणि फोनचं नेटवर्क येत-जात राहतं. सीमाप्रश्नावरून काही पेटलं की दोन्ही राज्यांच्या बस आधी बंद पडतात. डिसेंबर २०२२ मध्ये पडल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा पडल्या, आणि माणसं स्टँडवर अडकली. अशा वेळी नेट मागणारा खेळ कामाचा नाही. आमच्या यादीतले बहुतेक खेळ एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात. फक्त घरून निघण्यापूर्वी प्रत्येक खेळ एकदा उघडून पाहावा, स्टीम ऑफलाइन ठेवून चालतंय ना ते तपासावं. वाटेत कळून उपयोग नसतो.

इथे एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. खेळ थांबवता येतो म्हणजे माणूस थांबतोच असं नाही. स्टारड्यूत अंथरुणावर पडल्यावर दुसरी सकाळ लगेच उजाडते, आणि अजून एक दिवस, अजून एक दिवस करत खऱ्या रात्रीचे दोन वाजतात. बॅलाट्रोचा डाव हरला की नवा डाव एका बटणावर असतो. हे खेळ गोडी लागावी म्हणूनच घडवलेले आहेत. फरक एवढाच की इथे आईने हाक मारल्यावर उठण्यात कोणाचं नुकसान होत नाही. अर्ध्यावर सोडला म्हणून कोणी सोबती चिडत नाही, हप्ता चुकत नाही, क्रमांक घसरत नाही. तेव्हा घरात नियम घालणं शक्य होतं, आणि घातलेला नियम मुलाला अन्याय वाटत नाही.

पुस्तकाची रचना याच विचाराने केली आहे. पहिल्या भागात यंत्रांची तुलना आहे: कोणतं कोणासाठी, भारतात काय मिळतं, दुरुस्तीचं काय, मेमरी कार्ड किती मोठं घ्यावं. दुसऱ्या भागात यादीतल्या एकेका खेळाला एक प्रकरण दिलं आहे. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला तीन प्रश्नांची उत्तरं आहेत: हा खेळ कुठेही थांबवता येतो का, विकत घेतल्यावर पुन्हा पैसे मागतो का, नेटशिवाय चालतो का. आईवडिलांनी निदान एवढं वाचावं. वयाचा उल्लेखही प्रत्येक ठिकाणी आहे, कारण सायबरपंक किंवा जीटीए दहा वर्षांच्या मुलासाठी नाहीत आणि ते सांगायला आडपडदा नको. तिसऱ्या भागात बॅटरी, वेग आणि पडद्याच्या मांडणीचे बारकावे आहेत. खेळांतले शब्द मराठीत समजावून दिले आहेत, कारण हे लिहीपर्यंत स्टीमच्या स्वतःच्या मेनूतही एकही भारतीय भाषा नाही. घरी मराठी, शाळेत आणि कचेरीत कन्नड, खेळात इंग्रजी, असं तीन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांना ते जमून जातं. पण त्यांच्या आज्जीला नातवाच्या पडद्यावर काय चाललं आहे ते कळावं, हाही हक्कच आहे.

शेवटी, ज्या गोष्टीसाठी मला ही यादी सर्वांत मोलाची वाटते ती सांगतो. तिच्यातले काही खेळ एकेकट्या माणसाच्या खोलीत सुरू झाले. स्टारड्यू व्हॅली बॅरोनने चित्रांपासून संगीतापर्यंत स्वतः केला. बॅलाट्रो लोकलथंक हे टोपणनाव घेतलेल्या कॅनडातल्या एकाच प्रोग्रॅमरचा, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला. व्हँपायर सर्व्हायव्हर्स लुका गालांते या इटालियन माणसाने इंग्लंडात राहून सुरू केला, आणि २०२३ मध्ये त्याने ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार एल्डन रिंगसारख्या महाकाय खेळाला मागे टाकून जिंकला. आपल्याकडे पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सने राजी हा खेळ केला, २०२० मध्ये तो जगभर गेला. भावाच्या शोधात निघालेली मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून सांगितलेली कथा, छाया-बाहुल्यांचे प्रसंग. तोही या यंत्रावर खेळता येतो आणि त्याचं प्रकरण पुस्तकात आहे. म्हणजे पुण्यात हे होऊ शकतं. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून आहे, दरवर्षी इथून शेकडो मुलंमुली प्रोग्रॅमिंग शिकून बाहेर पडतात आणि महामार्गाने दोन दिशांना निघून जातात. खेळ घडवायला गोडोसारखं साधन फुकट मिळतं, साधा लॅपटॉप पुरतो, देवनागरी अक्षरं त्यात बसतात. कथांची तर वानवा नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, विड्या वळत हजाराचा हिशोब ठेवणाऱ्या बाया, बेळगावचा भुईकोट किल्ला, खानापूरच्या जंगलातून जाणारी रेल्वे. यातल्या एकावर कोणी तासाभराचा, मराठीत बोलणारा, कुठेही थांबवता येणारा खेळ पुरा केला, तर या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत त्याचं प्रकरण मी सर्वांत आधी घेईन.

बेळगाव